हयातीच्या दाखल्याची खिडकी

मंगळवारी साडेदहाला मुख्य अपडेट बसलं आणि पेन्शन कचेरीच्या खिडक्या भिंतीत गेल्या. त्या जागी रंगवलेली, खिळा मारलेली भिंत आली. खिळ्याला कॅलेंडरही होतं. क्रम दारावर चिकटवलेलाच होता: आधी मुख्य अपडेट, मग सुरक्षा पॅच, शेवटी रीस्टार्ट. रीस्टार्टपर्यंत ज्यांचा हयातीचा दाखला आत आला नाही ते हयात नसतील, हेही खाली स्वच्छ लिहिलं होतं.

दाखल्यांची खिडकी तेवढी उरली, कारण ती अपडेटच्या यादीत नव्हती, पॅचच्या यादीत होती. तिथे एकोणीस वर्षं प्रमिला खुस्पे बसत होती.

अकराला पॅच सुरू झाला. पॅचचं काम भोकं बुजवायचं. कुलपांची भोकं बुजली, मग फायलींची, मग कचेरीप्रमुख बुरांडेसाहेबांच्या शर्टाची काजं. बटणं मात्र लागलेलीच राहिली. प्रमिलाच्या कानातली कुडी टेबलावर पडली. तिने कानाची पाळी चाचपली, तर गुळगुळीत. तिचं डोकंच फिरलं. सोनारासमोर भोकाड पसरून टोचून घेतलेले कान होते ते, कुणी फुकट दिलेले नव्हते. तिने कुडी उचलली आणि दाबून आरपार घातली. दुखलं, पण गेली. म्हणजे रीस्टार्ट होईपर्यंत पॅच ओलाच असतो, एवढं तिला कळलं.

खिडकी आता वाटीएवढी झाली होती. पलीकडे हौसाक्का तुपे, ऐंशी पार केलेल्या, शाई लावलेला अंगठा वर धरून उभ्या होत्या. त्यांच्यामागे रांग फाटकापर्यंत.

"म्याडम, मी हाय न्हवं?"

"आहात, आक्का. अंगठा उठवा आणि कागद सरकवा."

कागद भोकाच्या कडेला चिकटला आणि भिंतीत जिरला.

"खुस्पेबाई, रीस्टार्ट दाबतोय," बुरांडेसाहेब म्हणाले. "बाजूला व्हा."

"रांग संपली की दाबा."

"क्रम ठरलेला आहे."

"मग मला क्रमाबाहेर धरा."

तिने बांगड्या वर सारल्या आणि उजवा हात कोपरापर्यंत भोकात घातला.

"हात काढा."

"नाही काढत. काय करायचं ते करा."

त्यांनी बटण दाबलं. संगणकांचे पडदे काळे झाले, फक्त टक्के उरले. भिंत हाताभोवती मळलेल्या कणकेसारखी आवळत आली. बुरांडेसाहेब टक्के मोठ्याने वाचू लागले. वीस. पस्तीस. प्रमिलाला राग आला होता आणि भीतीही वाटत होती, पण राग जास्त होता. बाहेर उन्हात तिने तळहात दाखल्याच्या कागदासारखा उघडून धरला.

साठाला त्यावर एक ओला अंगठा टेकला आणि नीट दाबला गेला.

"आक्का, झालं तुमचं," ती म्हणाली. भिंतीने ते पलीकडे जाऊ दिलं नाही.

"नव्वद," बुरांडेसाहेब म्हणाले.

तळहातावर दुसरा अंगठा उमटला, मग तिसरा. रांग पुढे सरकत होती.