पहिल्या ओळीतलं नाव

आमच्या वेधशाळेतल्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या सामायिक संगणकावर, जॉबच्या ओळी, म्हणजे त्याला द्यायच्या कामाच्या सूचना, कुणी कोऱ्या पानावरून लिहीत नाही. जुनी, चालणारी फाईल उघडायची, तिची कॉपी करायची आणि हवं तेवढं बदलायचं. धाकट्या जाऊला हे मीच शिकवलं. दोन वर्षांपूर्वी तिला इथे चिकटवलंही मीच.

त्या सकाळी साहेब म्हणाले, "तीस वर्षांच्या तापमानाच्या नोंदी बारापर्यंत कागदावर हव्यात. समिती येतेय. मोठ्या बाई, तुम्ही बघा."

आडनाव एकच, म्हणून मी मोठ्या बाई आणि ती धाकट्या बाई. विभागप्रमुखाची जागा आमच्यापैकी एकीला मिळणार, हे शिपायालाही ठाऊक होतं.

काम साधं होतं. इनपुटला डेटासेट, म्हणजे साठवलेल्या नोंदींचा संच, द्यायचा, आउटपुटसमोर सिसआउट हा शब्द लिहायचा. त्या शब्दाने कॉपी थेट सिस्टिम प्रिंटरवर निघते. माझी फाईल हे अकरा वर्षं करत होती. फक्त तारीख, केंद्र आणि तापमान एकमेकांना चिकटून छापलं जाई. मला ते वाचायची सवय होती. समितीला नसणार.

जाऊच्या फाईलमध्ये मात्र खाली पाच जास्तीच्या ओळी होत्या. कुठला रकाना किती जागा सोडून छापायचा, ते त्यांत होतं. मागच्या महिन्यात तिचा कागद हातात धरून साहेब म्हणाले होते, "याला म्हणतात काम!" घरीही तेच. सासूबाईंचं पालुपद ठरलेलं, "धाकटीच्या हाताला वळण आहे." मग माझ्या हाताला काय, वात आहे?

मागितली असती तर तिने फाईल हसत दिली असती. तेच नको होतं. ती चहाला गेल्यावर मी फाईल उघडली, कॉपी केली, डेटासेटचं नाव बदललं आणि जॉब मशीनवर चालवायला दिला. शेवटी कोड शून्य आला, म्हणजे सगळं ठीक.

प्रिंटरवाल्या काकांनी गठ्ठा आणून साहेबांच्या टेबलावर ठेवला. आम्ही दोघी तिथेच होतो. सगळ्यात वर, पानभर मोठ्या अक्षरांत, जाऊचं नाव. प्रिंटर ते जॉबच्या पहिल्या ओळीतून उचलतो. ती ओळ मी बदललीच नव्हती.

"वा, धाकट्या बाई!" साहेब पानं चाळत म्हणाले. "सांगितलं यांना आणि केलं तुम्ही?"

जाऊने नाव पाहिलं, रकान्यांमधल्या जागा पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं.

"नाही हो साहेब, ताईंचंच काम आहे. माझी फाईल त्यांच्याच फाईलची लेक. लेकीचं नाव आईला लागलं, इतकंच."

काकासुद्धा हसले. समिती गेल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं. जागा मला मिळाली.

दाराबाहेर जाऊ थांबली होती. "अभिनंदन, ताई. आणि पुढच्या वेळी मागून घ्या हो. पहिली ओळ मीच बदलून देईन."

त्यात टोमणा आहे का, ते मी कान देऊन ऐकलं. नव्हता. असता तर बरं झालं असतं. पोटात दुखायला निदान कारण मिळालं असतं.

संध्याकाळी घरी पोचले, तर तिने सासूबाईंना बातमी आधीच दिली होती.

"बघ," सासूबाई मला म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा तिलाच जास्त आनंद झालाय. मन मोठं लागतं, बाई."