चौथा ग्लास

कोर्टाच्या पायऱ्या चढताना नोएलीनने एरॉलच्या काखेत हात घातला आणि माझ्या पोटात जळायला लागलं. आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकं लावणाऱ्या बहात्तर वर्षांच्या माणसाला हे शोभत नाही. पण तसं झालं खरं.

हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा खेळ खेळतो त्या आमच्या बोल्स क्लबाच्या मागच्या पायरीवरून एरॉल पडला, खुब्याचं हाड मोडलं. पायरीची फळी दोन महिने सैल होती, क्लबाने ती ठोकलीच नव्हती. एरॉलने भरपाईचा दावा लावला. विमा कंपनी म्हणाली, तो प्यायलेला होता, म्हणजे चूक त्याचीही. जितकी त्याची चूक, तितकी भरपाई कमी. साक्षीदार मी.

चौघे बसले की प्रत्येकाने एकदा सगळ्यांना बिअर पाजायची, ही आमची रीत. तो पडला त्या संध्याकाळी तीन ग्लासांनंतर एरॉल उठला. बाहेर नोएलीन गाडीत थांबली होती. दोघं नाचाला निघाले होते.

"बस झालं रे सिरिल, पाय लटपटतायत."

"माझी पाळी आली की निघालास? बाकीच्यांची गोड, माझीच कडू होय?"

"लेका, तू म्हणजे ना!" तो हसून परत बसला. नाही म्हणणं त्याला जमणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. नोएलीनने बाहेर जरा ताटकळावं, एवढंच मला हवं होतं.

विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं, "किती ग्लास घेतले त्यांनी?"

"चार."

मग एरॉलच्या वकीलबाई उठल्या. "चौथ्यासाठी कुणी आग्रह केला होता?"

एरॉलने स्वतःच्या जबानीत माझं नाव घेतलं नव्हतं. मी ते सांगितलं असतं, तर त्याच्या माथ्यावरची चूक कदाचित हलकी झाली असती. समोर नोएलीन बसली होती.

"आठवत नाही," मी म्हणालो.

निकालात भरपाईचा चौथा हिस्सा कापला गेला.

बाहेर एरॉल म्हणाला, "चार म्हणजे चारच! हा पुस्तकी किडा खोटं बोलणार कसा?"

"गप रे," नोएलीन म्हणाली. "सिरिल, तू खरं सांगितलंस, बरं केलंस." तिने माझा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

चौथ्या ग्लासाचा आग्रह माझाच होता, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिने माझा हात सोडला आणि एरॉलचा धरला.

मी तोंड मिटलं.