लाल हातांचा चमत्कार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी आपला लाल झालेला हात उंच धरला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"जागे झाले!" व्यासपीठावरून तरुणबाबा गरजले. "वय झालं की शरीरातले पहारेकरी पेंगतात आणि कॅन्सर आत घुसतो. माझे थेंब त्यांना पुन्हा विशीत नेतात. हात लाल, म्हणजे पहारेकरी हजर! मग शंभरी कुठे गेली नाही!"

पहारेकरी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, पेंगतात हे खरंच होतं, आणि ताईसोबत आलेल्या धाकटीला त्याचाच संताप येत होता. खऱ्याच्या आडून खोटं कसं बेमालूम खपवत होता मेला! जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली ती. पण सख्ख्या बहिणीपुढे तिचं काही चालत नव्हतं. ताईच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, ती ताईने परस्पर रद्द केली आणि थेंब सुरू केले. "मला कापून घ्यायचं नाही," हे एकच पालुपद.

बाबांची रीत अशी, की नव्या माणसाच्या हाताला मलम लावायचं. हात होता तसाच राहायचा. महिनाभर थेंब घेऊन आला की पुन्हा मलम, आणि आता हात लालबुंद. नवे डावीकडे बसायचे, जुने उजवीकडे. ताई उजवीकडे बसली, पण भीतीने धाकटीचा हात काही सोडेना. मग धाकटीही तिथेच टेकली. शिष्याने डावीकडच्यांना मलम लावलं, मग दुसरी डबी काढून उजवीकडे ओळीने सगळ्यांना फासलं, तसं तिलाही फासलं.

थोड्या वेळाने तिचाच हात सगळ्यांत लाल!

"बघा या आजींकडे!" बाबांना चेव आला. "सत्तरीत विशीचे पहारेकरी! सांगा आजी, किती थेंब घेता रोज?"

"एकही नाही." धाकटी उभी राहिली. "मी नुसती हिच्या सोबतीला आलेय."

बाबा गडबडले. "कृपा... बहिणीकडून बहिणीकडे..."

"असं? मग हे डावीकडचे कोण माझे?" तिने शिष्याच्या हातातली डबी हिसकावली आणि नव्यांच्या हातांना तेच मलम लावलं. बघता बघता तेही हात लाल झाले. एकाने चुकून डोळा चोळला आणि तो किंचाळला, "आई गं! मिरची आहे ही!"

"डब्या दोन आहेत," धाकटी म्हणाली. "नव्यांना साधं मलम, जुन्यांना मिरचीचा अर्क घातलेलं. मिरची कुणालाही झोंबते. पहारेकऱ्यांशी तिचा काडीचा संबंध नाही. औषधाचा गुण दाखवला की एवढंच विचारत जा, ज्याने ते घेतलंच नाही त्याचं काय झालं?"

बाबा पडद्यामागे पसार झाले होते. आजोबा मात्र पुटपुटत होते, "पण मला बरं वाटत होतं हो."

"म्हणजे माझे पहारेकरी म्हातारेच?" ताईने विचारलं.

"हो गं. माझेही. उतारवयात ते मंदावतात, पेशींमधल्या चुकाही साठत जातात, बिघडलेली एखादी पेशी नजरेतून सुटते. त्यांना विशीत नेणारा थेंब कुणाकडेच नाही. पण गाठ काढता येते, ताई. वेळेत गेलो तर."

"महिना गेला गं माझा."

धाकटीने ताईची पिशवी उचलली.

"दवाखाना अजून उघडा असेल. चल."

ताई उठली आणि तिच्याआधी दाराकडे निघाली.