बरोबरची खूण

वर्गातल्या बायकांनी सरांना 'दॅटसर' असं नाव ठेवलं होतं आणि ते सरांना ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं एकच गोष्ट शिकवणाऱ्या माणसाला नाव ठेवलं नाही तरच नवल. वर्ग परदेशी नोकरीला जाणाऱ्या नर्सेसचा. वेळ दुपारी तीन ते पाच, दोन पाळ्यांच्या मधली, त्यामुळे अर्ध्या जणी ड्युटीवरून दमून आलेल्या आणि अर्ध्या जणी दमायला निघालेल्या. सगळ्यांना तीच भाषेची परीक्षा द्यायची होती आणि सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी पेंड खात होतं.

"बातमी," फळ्यावर 'न्यूज' लिहून सर म्हणत. "नुसतं बातमी म्हटलं तर ऐकणारा विचारणार, कसली? मग मागून 'दॅट' येतं आणि अख्खं वाक्य ओढून आणतं. बस गेली, अशी बातमी. पेशंट बरा होईल, ही आशा. न्यूज दॅट, होप दॅट, फॅक्ट दॅट. हो की नाही ते ठरलंच नसेल, तर 'क्वेश्चन'च्या मागे 'व्हेदर'. आणि या 'दॅट'च्या जागी 'विच' घालायचं नाही. तू आणलेली बातमी वेगळी, तिथे 'विच' चालतं; बस गेल्याची बातमी वेगळी."

एवढं सांगूनही निम्म्या जणी 'विच' घालायच्या त्या घालायच्याच. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून सरांनी गृहपाठाची एक रीत बसवली होती. दर शनिवारी दहा वाक्यं, पण गाईडमधली चालणार नाहीत. राजा, वाघ, आजारी शेजारी, काही नको. आपापल्या घरातली खरी वाक्यं लिहा. खरं लिहिताना माणूस कमी चुकतो, हा सरांचा स्वतःचा शोध होता आणि तो खोटा नव्हता.

शेहेचाळीस वह्या, म्हणजे चारशे साठ वाक्यं. सर ती वाचत नसत, तपासत असत. नजर आधी नामावर, मग जोडणाऱ्या शब्दावर, मग पुढच्या क्रियापदावर. तीन ठिकाणी टेकली की बरोबरची खूण. दीड मिनिटात एक वही हातावेगळी. कोणाची सासू काय बोलली, कोणाचा नवरा घर सोडून गेला, हे सगळं त्यांच्या डोळ्यांखालून गेलं होतं आणि त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नव्हतं. शिरू दिलं असतं तर सत्तावीस वर्षं निघाली नसती, असं ते म्हणत. म्हणणं सोयीचं होतं.

आणि या शेहेचाळीस वह्यांत एक त्यांच्या मुलीची होती.

चिमू पस्तिशीला टेकलेली, बारा वर्षं नर्स. घरातच मास्तर असताना दुसरीकडे कशाला जायचं, म्हणून तीही मधल्या रांगेत येऊन बसली. वर्गात ती त्यांना 'सर' म्हणायची आणि घरी फारसं काहीच म्हणायची नाही. बायको होती तोवर अडचण नव्हती. "बाबांना विचार, भाजी कोणती आणू," असं चिमू आईला सांगायची, आणि चार फुटांवर बसलेले बाबा "तिला सांग, काहीही आण," असं आईलाच सांगायचे. बापलेकीतलं उभयान्वयी अव्ययच होती ती बाई. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि घरात दोन वाक्यं उरली, आपापली.

चिमूने जाऊ नये, असं सरांना मनातून वाटत होतं. वाटत कसलं, त्या विचाराने ते पहाटे उठून बसत. पण मुलीच्या आड बाप आला असं व्हायला नको, आणि दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे, अशी स्वतःची समजूत घालून ते मूग गिळून गप्प होते. आज बोलू, उद्या बोलू. त्यात वर्ग, वह्या, दुखणारी मान. दमलेल्या माणसाला न बोलण्याचं कारण शोधावं लागत नाही.

रविवारी सकाळी चिमूने टेबलावर नोकरीच्या कराराचे कागद आणून ठेवले. "एकदा नजर घाला. सही मंगळवारीच करून दिलीय, पण नावबिव नीट आहे का बघा."

सरांनी सवयीने चष्मा चढवला. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. "पाच वर्षं?"

"हो."

"तू दोन म्हणाली होतीस."

"आधी दोनच होती. नंतर बदललं. लिहिलं होतं की मी." चिमूने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "वहीत. दुसऱ्या आठवड्यात. तुम्ही बरोबरची खूण केलीय त्याच्यावर."

चिमू कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. या शनिवारी तिने वही दिलीच नव्हती. सरांनी ती तिच्या बॅगेतून काढली, उघडली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा एखादी वही वाचायला घेतली.

चार आठवडे, चाळीस वाक्यं. इंग्रजी साधंच होतं, वर्गात शिकवलेलं. पहिल्या आठवड्यात तिने लिहिलं होतं: आई गेली ही गोष्ट बाबांनी मला फोनवर सांगितली, आणि नंतर आम्ही तिच्याबद्दल कधीच बोललो नाही. बरोबर. दुसऱ्या आठवड्यात: करार पाच वर्षांचा आहे ही बातमी बाबांना कशी सांगू, ते मला कळत नाही. बरोबर. माझ्या हॉस्पिटलने मला मेट्रनची जागा देऊ केली आहे, ही गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही. बरोबर. तिसऱ्या आठवड्यात: बाबा एकटे जेवतील या विचाराने मला जेवण जात नाही. बरोबर. मला राहायचं आहे या गोष्टीची मला लाज वाटते, कारण राहा असं कोणी म्हटलेलं नाही. बरोबर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मुलगी बोलत नाही म्हणून जो माणूस पहाटे उठून बसत होता, त्याच्या हातात दर शनिवारी ती बोलणं आणून देत होती आणि तो त्याला मार्क देत होता.

चौथ्या आठवड्याची वाक्यं एकाखाली एक अशी होती की जणू पत्रच. बाबा हे वाचतात अशी माझी खात्री आहे, म्हणून मी इथे लिहिते. मी जावं की राहावं हा प्रश्न आता मी बाबांवर सोडला आहे. राहा अशी नुसती खूण जरी त्यांनी केली, तरी मी मंगळवारी सही करणार नाही.

मधल्या वाक्यात चिमूने 'क्वेश्चन'च्या मागे 'दॅट' लिहिलं होतं. सरांनी ते लाल शाईने खोडून वर ठसठशीत 'व्हेदर' केलं होतं आणि अर्धा मार्क कापला होता. म्हणजे नजर तिथे गेली होती. थांबलीसुद्धा होती. खाली साडेनऊ, 'गुड', सही, सोमवारची तारीख.

चिमू रिकामी बादली घेऊन आत आली तेव्हा सरांसमोर वही उघडीच होती. ती पाहून चिमू दारातच टेकली.

"मला राग नाही आला," ती हळू आवाजात म्हणाली. "सोमवारी वही मिळाली तेव्हा रडले थोडी. मग म्हटलं, बाबांनी वाचलं, विचार केला, आणि त्यांना वाटतंय की मी जावं. माझं अडू नये म्हणून मन घट्ट केलं त्यांनी. तुम्हाला तोंडाने नसतं सांगता आलं. मला तरी कुठे येतं?"

आता नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सरांना ते समजत होतं. मुलगी स्वतःहून त्यांना थोर बाप करत होती. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्यांचा हात कोण धरणार? पण आयुष्यात एवढ्या एका वेळी त्यांच्याने गप्प बसवेना.

"मी वाचलं नव्हतं, चिमू."

"म्हणजे?"

"तपासलं होतं. मी कोणाचंच वाचत नाही. आज वाचलं. आत्ता." "तू राहा. मला तू इथे हवी आहेस. मी एकटा नाही राहू शकत."

चिमूने बादली खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि बापाच्या समोर बसली. इतक्या जवळून तिने त्यांच्याकडे कधी पाहिलं असेल, कोणाला आठवणार?

"मेट्रनच्या जागेवर गुरुवारी दुसरीला घेतलं," ती म्हणाली. "सही मोडता येत नाही. जावं लागेल, बाबा."

"हं."

"तुम्ही वाचलंत आणि 'जा' म्हणालात, हे मी आठवडाभर मनाशी धरलं होतं. जड होतं, पण उचलता येत होतं. तिकडे गेल्यावर पुरलं असतं मला. आता तुम्ही वाचलंच नव्हतं, हे घेऊन जायचं."

सरांनी तोंड उघडलं. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं जोडून दिलेल्या माणसाला पुढचा एक शब्द सापडेना. चिमूने थोडी वाट पाहिली. मग तिने कराराचे कागद गोळा केले आणि नाव बरोबर आहे ना, एवढं विचारलं. ते बरोबर होतं.