लख्ख झालेली बाग

चैत्राच्या उंबरठ्यावरचे ते कोवळे, केशरवर्ण ऊन. नाशिकमधल्या दोन उंच इमारतींच्या फटीतून ते अलगद उतरे, आणि कालिंदीबाईंच्या चिमुकल्या परसबागेत, डाळिंबाच्या रक्तिम कळ्यांवर क्षणभर थबके. भोवती सारे सिमेंट. हिरवे म्हणावे असे तेवढेच होते.

ही बाग त्यांनी लावली होती पाखरांसाठी. पाचोळा झाडायचा नाही, त्यात किडे होतात. मातीच्या परळातले पाणी आटू द्यायचे नाही. कोळ्याचे जाळेसुद्धा मोडायचे नाही. त्र्यंबकराव, त्यांचे यजमान, जाता-येता टोमणा मारीत, "तुझी ही कचऱ्याची बाग!" बाई ओठ मिटून घेत.

आणि या फाल्गुनात ती आली. नीलकांती शिंजिर पक्ष्याची धूसर, मातकट सखी. जाळ्याचे धागे, वाळकी पाने, सालींचे कपटे ओवून ओवून तिने डाळिंबाला इवलेसे घरटे टांगले, आणि त्यात अंडी घातली. किती वर्षांची वाट, किती ऋतूंची आराधना! बाई हरखून गेल्या. पण नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. हसले असते ना ते!

मग डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या लेकीकडे गेल्या. रिकाम्या घरात त्र्यंबकरावांना बायकोची किंमत कळली. असले शहाणपण नवऱ्यांना नेमके अवेळीच सुचते. पाडवा तोंडावर आलेला. बाह्या सरसावून, घामाघूम होऊन, अगदी प्रेमाने त्यांनी बाग झाडून काढली.

"बघ, कशी लख्ख केली!" बाई परतताच ते म्हणाले. "डाळिंबाला तर हे एवढं जळमट लोंबत होतं. ओढून काढलं अन् सकाळीच घंटागाडीत टाकलं."

शाबासकीसाठी तो म्हातारा चेहरा उजळला होता. बाईंना संताप आला. नवऱ्याचा आला, आणि त्याहून अधिक आपल्या मुक्या तोंडाचा. एक शब्द, एकच शब्द सांगितला असता तर!

"छान झाली," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात ती आली. चोचीत, अंड्यांखाली अंथरायला आणलेला, सावरीचा शुभ्र कापूस. घरट्याचे दार होते तिथे, पंख थरथरवीत, हवेत थांबली. मागे गेली. पुन्हा आली. पुन्हा त्याच पोकळीत चोच खुपसू लागली.

"अगं, बघ, बघ! पाखरू आलं तुझ्या बागेत!" जन्मात पहिल्यांदा त्यांनी बायकोला पाखरू दाखवले.

"हो. आलं."

चोचीतला कापूस सुटला. तरंगत, तरंगत, झाडलेल्या मातीवर उतरला. त्र्यंबकराव लगबगीने वाकले, आणि तोही त्यांनी उचलून टाकला.