डावा पाय जरा वर

मार्गशीर्ष लागला होता, आणि त्या उत्तरेच्या मुलखात सूर्य म्हणजे नावालाच उरला होता. सकाळी नऊ वाजून गेल्यावर तो सरोवराच्या काठाशी कसाबसा उगवे, भूर्जांच्या निष्पर्ण रांगेमागून चार पावलं सरके, आणि दुपारी तीनलाच अंग टाकून देई. म्लान त्याचा उजेड, म्लान त्याची ऊब. धूसर पाणी, धूसर आभाळ, धूसर रस्ते. आणि मध्ये हिमाचा तो मूक, शुभ्र, अथांग पसारा. असल्या कामचुकार सूर्याला आमच्या लांज्यात कुणी दोन दिवससुद्धा कामावर ठेवलं नसतं.

फिनलंडातल्या तांपेरे गावी, चौथ्या मजल्यावरच्या त्या घरातही सगळं दमलेलंच होतं. वृषाली दमली होती. तीन महिन्यांच्या रेवाला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालता घालता उभ्या उभ्या तिचे डोळे मिटत. तिचा नवरा हृषीकेश दमला होता. कामावरून येई तो बूट न काढताच भिंतीला टेकून राही. रेवा रडून रडून दमे, आणि दमल्यामुळे आणखी रडे. त्या अश्रुक्षालित, आरक्त, इवल्या मुखाकडे बघून सगळ्यांत जास्त दमे ती वृषालीची आई, सुगंधा. कारण तिचं दमणं काहीच न केल्याचं होतं.

अहो, सुगंधा शिवगण काय असामी आहे ते तिच्या वाडीत जाऊन विचारा! चाळीस वर्षं, ज्या घरी पाळणा बांधला गेला त्या घरी सकाळी सुगंधा हजर. पाटावर बसायचं, लुगडं गुडघ्यांवर खोचायचं, पाय लांब पसरायचे. त्या सावळ्या, स्निग्ध, तैलसिक्त पायांच्या पन्हळीत बाळ उताणं ठेवून ती असं न्हाऊ घाली, की टाहो फोडणारं पोर मध्येच जांभई देई. तिच्या पायांवर न्हालेली पोरं आज मिशांना पीळ देत हिंडतात. लेकीला तिनं फोनवर छातीठोक सांगितलं होतं, "मी येत्ये ना गो, घाबरू नको. दोन आंघोळी होऊ देत, पोरगी चार-चार तास झोपेल बघ."

एक गोष्ट तेवढी सांगितली नव्हती. गुडघे गेले होते. ते आता ना धड वाकत, ना धड सरळ होत. जमिनीवर बसलीच तर उठवायला दोन माणसं लागत. विमानतळावर चाकांची खुर्ची घेतली, तेव्हाही फोनवर म्हणाली, "वाट चुकू नये म्हणून सगळीच म्हातारी घेतात." खरं कळलं असतं तर लेकीनं बोलावलंच नसतं. आणि वेडी आशा अशी, की परक्या हवेत गुडघे ऐकतील. कसचं काय नि कसचं काय!

तिथलं न्हाणीघर पाहून तर तिला रडूच आलं. स्वच्छ, खडबडीत फरशी, कोपऱ्यात पाणी जायला मोरी, आणि फरशीखालून अहोरात्र पाझरणारी मंद, मृदू, गर्भोष्ण ऊब. असली न्हाणी तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. पाणी होतं, ऊब होती, बाळ होतं. दोन पाय तेवढे नव्हते.

पहिल्याच सकाळी ती बसायला गेली, अर्ध्यात अडकली, आणि नळाला धरून कशीबशी उभी राहिली. बाहेर येऊन म्हणाली, "जरा थंडी उतरू दे, मग घालू." उतरायची कुठली थंडी! भूर्जांची पानं पिवळी झाली, पिवळी झडली, झडलेल्यांवर बर्फ पडलं. दिवस आखडत गेले आणि सुगंधाची सबब लांबत गेली. वृषाली बिचारी प्लॅस्टिकच्या टबात, पाणी किती गरम ते यंत्रानं मोजून, भीत भीत पोरीला बुडवी. पोर घर डोक्यावर घेई. सुगंधा दाराशी टॉवेल धरून उभी राही. व्हिसा नव्वद दिवसांचा. त्यातले ब्याऐंशी टॉवेल धरण्यात गेले.

हे सगळं भागोजी बघत होता. भागोजी म्हणजे सुगंधाबरोबर आलेला तिचा नवरा, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर; बोलायला महाकंजूष. बत्तीस वर्षं त्याच्याकडे मुक्कामी गाडी. संध्याकाळी डेपोतून निघायचं, डोंगरातल्या शेवटच्या गावी रात्र काढायची, पहाटे तीच गाडी परत आणायची. तो घरी टेकेपर्यंत लहानगी वृषाली न्हाऊन, तीट लावून, गाढ झोपलेली असे. आपल्या एकुलत्या लेकीची आंघोळ त्यानं एकदाही पाहिली नव्हती. याची त्याला खंत होती, पण ती त्यानं कुणाला बोलून दाखवली नव्हती.

ब्याऐंशीव्या दिवशी, दुपारी, सूर्य मावळतीला टेकलेला असताना, वृषाली सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली. मांडीवरची रेवा घसरली. भागोजी शेजारीच होता म्हणून बरं. त्यानं पोर वरच्यावर झेलली. वृषालीला त्याचा पत्ताही नव्हता. तोंड किंचित उघडं, केस विस्कटलेले, अशी ती श्रांत, क्लांत, निःशब्द पडून राहिली.

रडणारी रेवा घेऊन भागोजी आत आला. सुगंधानं ते सगळं पाहिलं होतं. ती मटकन पलंगावर बसली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "मी येऊन काय केलं वो इथं? नुसता टॉवेल धरला. माझ्यापेक्षा खुंटी बरी."

रेवाला भागोजीनं तिच्या हाती दिलं, न्हाणीघरात गेला, पायजमा गुडघ्यांच्या वर गुंडाळला, भिंतीला पाठ लावून उबदार फरशीवर बसला आणि दोन्ही पाय लांब पसरले.

"घाल," तो म्हणाला.

"अवो, पुरुषमाणसानं..."

"कोण बघायला येतंय इथं? तुझे हात आहेत, माझे पाय आहेत. घाल."

सुगंधा बघतच राहिली. मग एकदम तिच्या अंगात जुनं वारं शिरलं. स्टूल ओढलं, बादली भरली, कोपरानं पाणी जोखलं. लांज्याहून लुगड्यात गुंडाळून आणलेला आणि तसाच पडून राहिलेला तांब्या निघाला. खोबरेल निघालं, मसुराचं पीठ निघालं. आणि मग ती नवऱ्यावर अशी काही डाफरली, की चाळीस वर्षांच्या संसारात कधी डाफरली नसेल. "टाचा जुळवा! असे फताडे नको. पोर काय खाली पाडायची आहे? उजवा ठीक आहे. डावा पाय जरा वर. आणखी जरा. क्लच अर्धा दाबून धरता ना, तसा."

आणि बत्तीस वर्षं घाटाघाटांत घट्ट झालेला तो डावा पाय बरोब्बर तेवढाच वर आला. पन्हळ जमली.

त्या शुष्क, शिराळ, रुक्ष नडग्यांवर ते नवनीतकोमल अंग विसावलं. तेल जिरलं. पीठ लागलं. कपाळाशी हाताचा आडोसा धरून सुगंधानं पहिला तांब्या ओतला. धार आली, धार गेली. छातीवरून धार, पोटावरून धार, पावलांवरून धार, आणि प्रत्येक धारेसरशी सुगंधाचं तोंड चालू, "हे बाय माझी, हे न्हाली माझी." रेवा आधी ओरडली. मग थांबली. मग आजोबांच्या पायांवर, उष्ण बाष्पाच्या त्या धूसर-धवल पडद्यात, तिनं एक मोठी थोरली जांभई दिली. भागोजीचा डावा पाय थरथरत होता, पण त्यानं तो तसूभरही खाली येऊ दिला नाही.

बाहेर वृषाली जागी झाली ती शांततेनं. रडणं ऐकू येईना, मांडी रिकामी. ती किंचाळतच धावत आली आणि दारात खिळून उभी राहिली. जमिनीवर बाबा, स्टुलावर आई, मध्ये निवांत पोर.

"आता कळलं ना माझ्या गुडघ्यांचं?" सुगंधा मागं न बघता म्हणाली. "ओरड काय ती नंतर. आधी टॉवेल धर."

वृषालीनं टॉवेल धरला. ती त्याच टॉवेलात तोंड खुपसून रडली, आणि मग दुसरा आणावा लागला.

त्या दुपारी रेवा तीन तास चाळीस मिनिटं झोपली. सुगंधा चार म्हणाली होती. वीस मिनिटं इकडे तिकडे, एवढं चालायचंच. वृषालीही झोपली, हृषीकेश आला तोही बूट काढून झोपला, आणि बाहेर हिमाच्या निळसर, निःस्तब्ध, निरवधी पसाऱ्यावर अंधार उतरला तरी कुणी दिवा लावला नाही.

पुढं रोज तेच. दुपारचे दोन वाजले की भागोजी पायजमा गुंडाळे आणि ड्युटीवर बसे. सहा दिवस त्याच्या पायांवर रेवा न्हाली. निघायच्या आदल्या दिवशी मात्र वृषाली स्वतःच फरशीवर बसली आणि तिनं पाय पसरले. "मला शिकव," ती आईला म्हणाली. सुगंधानं तिच्या टाचा जुळवल्या. भागोजी दाराशी टॉवेल धरून उभा राहिला. दुसऱ्यांदा निवृत्त झाला म्हणायचा.

आता लांज्याला, संध्याकाळी साडेपाचला, पडवीत फोन तांब्याला टेकवून ठेवलेला असतो. तिकडे तेव्हा दुपारचे दोन. पडद्यावर वृषालीचे पाय, पायांवर रेवा, मागं खिडकीभर बर्फ. सुगंधा इथून ओरडते, "घाई नको गो! मानेखाली हात!" भागोजी भिंतीला टेकून बसतो, नेहमीसारखाच मुका.

काल आंघोळ आटोपली, रेवाला टॉवेलात गुंडाळून वृषाली उठली, फोन बंद झाला. सुगंधानं वळून पाहिलं. भागोजीचे पाय लांब पसरलेले, टाचा जुळलेल्या, डावा जरा वर.

"अवो, झाली आंघोळ," ती हळूच म्हणाली. "सोडा आता पाय."

"असू दे," भागोजी म्हणाला. "झोपली नाही अजून ती."

माडांच्या माथ्यावरून ऊन उतरत होतं, अंगणातून उतरत होतं, पायरीवरून उतरत होतं. आणि पडवीत ते दोन पाय, म्हातारे, दमलेले, रिकामे, तसेच होते.