सातच्या पुढचा आकडा

मित्रांनो, लॅबमध्ये सिंकशेजारच्या टेबलावर ठेवलेला, रक्तातले क्षार मोजणारा जुना अ‍ॅनालायझर तुमच्याशी बोलतोय. मी जन्माचाच भित्रा. कारखान्यात माझ्या पोटात नळ्या आणि काचेचे इलेक्ट्रोड बसवले, तेव्हाच मला कळलं की आपल्याला फक्त आकडा सांगता येणार, कारण सांगता येणार नाही.

लॅबमध्ये आलो तेव्हा माझे फार लाड झाले. लॅबच्या ताई रोज सकाळी माझ्या नळ्या धुवायच्या. "हा कधी दगा देत नाही," असं येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायच्या. मग मोठं, चकचकीत यंत्र आलं आणि माझ्यावर प्लॅस्टिकचं आवरण पडलं. नळ्यांमध्ये क्षार साचू लागले. मी कुणाला आठवेनासा झालो.

एके दुपारी मोठ्या यंत्राची सुई अडकली. ताईंनी माझं आवरण काढलं, मला धुतलं आणि एका शिंपीकाकांच्या रक्ताचा नमुना लावला. काका मुलीबरोबर बाहेर बाकावर बसले होते.

मी घोट घेतला. सोडियम ठीक होतं. पोटॅशियम मात्र पाचच्या आसपास थांबायला हवं, ते सातच्या पुढे गेलं. असलं रक्त हृदयाला केव्हाही थांबवू शकतं, हे मला ठाऊक होतं. माझा पंप थरथरू लागला. इतके दिवस धूळ खात पडलेला मी, चुकलो तर नसेन?

ताईंनी नळी उजेडात धरली. रक्त काढताना पेशी फुटल्या, तर वरचं पाणी लालसर होतं आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. पण वरचं पाणी स्वच्छ, पिवळसर होतं.

"मग याचंच काहीतरी बिघडलंय," त्या माझ्याकडे बघत पुटपुटल्या.

बाहेर काकांची मुलगी म्हणाली, "ताई, आम्ही निघतो. रिपोर्ट संध्याकाळी नेते."

मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्याकडे एक 'टिक' सोडून आवाजच नाही.

"थांबा जरा," ताई म्हणाल्या. "काका, बरं वाटतंय ना?"

"तसं बरंय गं. पायात जोर नाही, एवढंच. वयच झालं आता."

पोटॅशियम वाढलं की पायातला जोर असाच जातो. ताईंचा चेहरा उतरला. ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं, असं द्रावण त्यांनी मला पाजलं. माझं उत्तर बरोबर आलं. मग काकांचा नमुना पुन्हा लावला. आकडा तोच. ताई पळतच शेजारच्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी येऊन काकांना बाकावरच आडवं केलं, हृदयाचा आलेख काढला आणि लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

"अलीकडे काही नवीन सुरू केलं का?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही," मुलगी म्हणाली. "बीपीची गोळी जुनीच आहे. मीठ तेवढं बदललं. कमी सोडियमचं आणलं, बाबांना चांगलं म्हणून."

"त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं. बाबांच्या किडन्यांना ते बाहेर टाकणं जमत नाहीये."

वडिलांची चप्पल हातात घेऊन मुलगी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढली.

त्यानंतर ताई मलाही वापरू लागल्या, आणि मी प्रत्येक नमुन्याला दचकत होतो. काकांचं काय झालं, हे मला कोण सांगणार?

मग एका सकाळी काका स्वतःच्या पायांनी आले. "आता जेवण इतकं अळणी आहे, की त्यापेक्षा आजारपण बरं होतं," म्हणत त्यांनी बाही वर केली. आकडा अगदी योग्य आला.

मुलीने हळूच विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला आकडा खोटा वाटला होता ना?"

"खोटा निघावा, असंच वाटत होतं," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, मलाही तसंच वाटत होतं. म्हणून हात जोडून सांगतो, मला रोज धुवा, रोज तपासा. आकडा भयंकर वाटला तर मला पुन्हा विचारा, मला राग येत नाही. पण तोवर बाकावरच्या माणसाला घरी जाऊ देऊ नका.